आपण वंदनेत मागतो काय?

प्रिय पिल्लू,
सप्रेम जय भीम.

गुरुवारी शाळेतून येताना तू गाडीत विचारलंस, "आई, आपण बुद्धवंदनेत नक्की मागतो काय?" वर्गात प्रत्येकाला आपल्या घरची प्रार्थना आणि तिच्यात काय मागतात ते लिहायचं होतं. ती चौकट तू रिकामी ठेवून आलीस. मी "घरी गेल्यावर सांगते" म्हटलं आणि स्वयंपाकाच्या गडबडीत राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. मराठी वाचताना अडलीस तर आजीला व्हिडिओ कॉल लाव. यातली एक गोष्ट तिच्याच माहेरची आहे.

चौकट रिकामी ठेवलीस ते बरोबरच केलंस. "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणतेस ना, त्यातलं "गच्छामि" म्हणजे मी जाते. पंचशीलाची, म्हणजे पाच नियमांची, प्रत्येक ओळ "समादियामि"वर संपते, म्हणजे मी स्वतःहून अंगीकारते. त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना सरण जाणं, आणि पंचशील पूर्ण म्हणून पाहा, "दे" हा शब्द कुठेच सापडणार नाही.

मागायचं कुणाकडे? बुद्ध देव नव्हते. लुंबिनीत जन्मलेले शाक्यांचे राजपुत्र, तुझ्यामाझ्यासारखे माणूस. बोधी मिळाल्यावर पंचेचाळीस वर्षं ते गावोगाव पायी फिरले आणि शिकवत राहिले. "प्रयत्न तुम्हालाच करायचा आहे, तथागत (म्हणजे बुद्ध) फक्त मार्ग सांगणारे आहेत," असं धम्मपदात आलंय. धम्म म्हणजे तो मार्ग. दुःख आहे, त्याला तृष्णेचं कारण आहे, ते थांबू शकतं आणि थांबवायला आठ अंगांची वाट आहे. या आठांबद्दल आपण वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, निवांत बोलू. त्या वाटेनं चालणाऱ्यांची सोबत म्हणजे संघ. एकेका सरणाला तीनदा जायचं, म्हणून दुतियम्पि (दुसऱ्यांदा), ततियम्पि (तिसऱ्यांदा).

आता आजीच्या माहेरची गोष्ट.

१४ ऑक्टोबर १९५६ला, विजयादशमीच्या दिवशी, नागपूरला बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी कुशीनाऱ्याच्या चंद्रमणी महास्थवीर या ज्येष्ठ भिक्खूंकडून त्रिसरण-पंचशील घेतलं. "हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही," हे बाबासाहेबांनी येवल्याला १९३५मध्ये सांगितलं होतं, त्याला एकवीस वर्षं झाली होती. मग समोरच्या लाखो लोकांना त्यांनी स्वतः धम्मदीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. बाबासाहेब भिक्खू नव्हते, आपल्यासारखेच उपासक, म्हणजे घरसंसारात राहून धम्म पाळणारे, होते. एका उपासकानं एवढ्या लोकांना दीक्षा द्यावी, ही मला त्या दिवसातली फार मोठी गोष्ट वाटते. तुझे पणजोबा आणि पणजी उमरेडजवळच्या आपल्या गावाहून पायी गेले होते. पणजीनं पांढरं लुगडं उसनं आणलं होतं. तिला अक्षरओळख नव्हती, पण पाली ओळी तिनं मरेपर्यंत एकही शब्द न चुकता म्हटल्या.

पणजोबांचं मात्र पाचव्या शीलापाशी अडायचं. "सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी", म्हणजे नशा आणणाऱ्या, भान घालवणाऱ्या पेयांपासून दूर राहीन. नागपूरच्या मैदानात त्यांनीही ते म्हटलं होतं. पण गावात मोहाची दारू घरोघरी निघायची आणि दिवसभराच्या राबणुकीनंतर ती सुटेना. त्यामुळे विहारात ते पहिली चार शीलं खड्या आवाजात म्हणायचे आणि पाचव्याला गप्प राहायचे. "जे पाळत नाही ते अंगीकारतो कसं म्हणू?" असं त्यांचं म्हणणं. आजी तेव्हा लहान होती, वडिलांच्या शेजारी बसायची. तो गप्पपणा तिला अजून आठवतो. पणजीनं त्यांना कधी टोकलं नाही.

एका आषाढी पौर्णिमेला, वर्षावास सुरू होताना, त्यांनी पाचवं शील म्हटलं. हळू आवाजात, पण पूर्ण. पुढे एकदा कुणाच्या तरी लग्नात घसरले. मग काही दिवस पुन्हा गप्प. पुन्हा घेतलं. त्यानंतर सुटलं नाही.

यात चौथं शीलही आहे, बघ. "मुसावादा वेरमणी", खोटं बोलण्यापासून दूर राहीन. पाचवं शील खोटं खोटं म्हणायचं नाही म्हणून तो माणूस सगळ्यांदेखत गप्प बसायचा. ओळीत "सिक्खापदं" शब्द येतो ना, त्याचा अर्थ शिकण्याचा नियम. वरून आलेली आज्ञा मोडली की पाप आणि शिक्षा, असं इथं नाही. शिकताना चुकतं आणि पुन्हा घेता येतं. रोज म्हणतो ते त्यासाठीच. कालचं आज पुरत नाही.

मेणबत्ती लावून फूल वाहतो तेव्हाची गाथा तुझ्या आवडीची आहे. "पुप्फं मिलायाति यथा इदं मे", हे फूल जसं कोमेजतं तसंच माझं शरीरही एक दिवस जाईल. तू विचारलं होतंस की पूजेत असं दुःखी का म्हणायचं. मला ते दुःखी वाटत नाही. पणजी गेली तेव्हा आजी ही गाथा म्हणत होती आणि तिचा आवाज कापत नव्हता. लहानपणापासून रोज फुलासमोर बसून तिनं ते ऐकलेलं होतं.

एका ठिकाणी मात्र मागण्यासारखं काहीतरी आहे. शेवटचं "भवतु सब्ब मंगलं". सगळ्यांचं मंगल होवो. ते कुणा एकाकडे मागितलेलं नाही, आणि फक्त आपल्यासाठीही नाही. तुझ्या चौकटीत काही लिहायचंच असेल तर हे लिही.

रविवारी विहारात जाऊ. पंचशील म्हणताना कुठल्या ओळीला थांबावंसं वाटलं तर थांब. मी तुझ्याकडे वळून बघणार नाही.

तुझी,
आई