इटालियन चॅपल पाहण्यासाठी मुद्दाम लॅम्ब होमला जावे का?

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर जाताना, त्यांतल्या लॅम्ब होम या बेटावरच्या इतक्या लहान चॅपलसाठी (प्रार्थनागृहासाठी) वाट वाकडी करणे योग्य ठरेल का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. मात्र बसमधून उतरून छायाचित्र काढून लगेच निघणार असाल, तर फारसे काही हाती लागणार नाही. किमान पाऊण तास तेथे काढावा आणि ते कशापासून बनले आहे, हे आधी जाणून घ्यावे.

ऑक्टोबर 1939 मध्ये एका जर्मन पाणबुडीने स्कापा फ्लो या नाविक तळात शिरून 'रॉयल ओक' ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली आणि आठशेहून अधिक जणांचा बळी गेला. त्यानंतर पूर्वेकडील सागरी वाटा बंद करण्यासाठी बांध घालण्यात आले व त्या कामावर उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या इटालियन सैनिकांना आणले गेले. युद्धकैद्यांकडून लष्करी काम करून घेण्यास जिनिव्हा कराराची मनाई असल्याने, हे बेटे जोडणारे रस्ते आहेत, असे त्यांना सांगण्यात आले. आज त्यातल्याच एका बांधावरून आपण चॅपलपर्यंत पोहोचता.

या कैद्यांनी 1943 मध्ये पन्हळी पत्र्याच्या दोन अर्धगोल बराकी टोकाला टोक जोडून प्रार्थनेसाठी मिळवल्या, आणि मोएना गावच्या दोमेनिको किओकेत्ती या चित्रकाराने त्या आतून रंगवल्या. दारातून पाहिल्यास भिंती विटांच्या आणि त्यांखालचा पट्टा कोरीव दगडाचा वाटतो. पण अगदी जवळ जाऊन तिरप्या नजरेने पाहावे, म्हणजे ते सारे कोरीवकाम सपाट प्लास्टरबोर्डावरची रंगछटा आहे, हे ध्यानात येते. मला सर्वांत मोलाची वाटते ती ही जागा. वेदीमागील मरियामाता व बालयेशू यांचे चित्र त्याने आईने दिलेल्या, जवळ बाळगलेल्या एका लहानशा धार्मिक चित्रावरून रंगवले. वेदीपुढची घडीव लोखंडाची जाळी पालुंबी या लोहाराची आहे; तिच्यासमोर जितका वेळ थांबाल, तितका थोडाच. कंदील मांसाच्या रिकाम्या डब्यांचे आहेत, आणि बाप्तिस्म्याच्या पात्राच्या काँक्रीटच्या थराखाली मोटारीच्या धूरनळीचा भाग आहे. सोबतचे कैदी गेल्यावरही हे पात्र पुरे करण्यासाठी किओकेत्ती मागे थांबला होता. पुढे 1960 मध्ये तो दुरुस्तीसाठी परत आला, आणि 1964 च्या भेटीत त्याने 'क्रुसाची वाट', म्हणजे येशूचा वधस्तंभाकडचा अखेरचा प्रवास, दाखवणारी चौदा लाकडी कोरीव शिल्पे अर्पण केली. तीही चुकवू नयेत.

बाहेर आल्यावर सेंट जॉर्जचा पुतळा अवश्य पाहावा. काटेरी तारेच्या सांगाड्यावर सिमेंट चढवून किओकेत्तीनेच तो घडवला आहे. चॅपलमध्ये आजही प्रार्थना होते, म्हणून तेथे जायला निघण्यापूर्वी त्या दिवसाची भेटीची वेळ पाहून घ्यावी, आणि पर्यटकांच्या बस एकामागून एक येत असतील तर आधी बांधावर फेरफटका मारून मग आत जावे.