वाचकांचे प्रश्न : धानाचा ओलावा, काटा आणि सातबारा

हार्वेस्टरने काढलेले २५ क्विंटल धान हमीभावाच्या खरेदी केंद्रावरून परत आले. ओलावा २० टक्के निघाला. व्यापारी जसेच्या तसे २००० रुपये क्विंटलने मागतो. देऊन टाकावे का? (लाखांदूर तालुका)

वाळवा, पण देऊ नका. केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. तेवढे वाळल्यावर तुमचे २५ क्विंटल सुमारे २४.१ भरतील. साधारण धानाचा २०२५-२६ चा हमीभाव २३६९ रुपये धरला तर ५७ हजार होतात, व्यापाऱ्याकडे ५० हजार. सात हजारांतून दुसऱ्यांदा ट्रॅक्टरचे भाडे आणि मजुरी गेली तरी बरेच उरते. चुकारे, म्हणजे केंद्राकडून मिळायचे पैसे, लांबतात हे खरे. ज्याच्या हाती पैसा नाही त्याला थांबता येत नाही आणि हमीभाव त्याच्याच हातून निसटतो. म्हणून निदान गरजेपुरतेच विका, सगळे नको.

कापलेल्या धानाचा कडपा बांधीत (शेतात) सुकवून चुरलेल्या (मळलेल्या) धानापेक्षा हार्वेस्टरचे धान ओले निघते. ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचाच थर पसरा, तासातासाने पालटा आणि दव पडण्याआधी झाका. तापलेल्या डांबरी रस्त्यावर टाकू नका, दाणा तडकतो आणि भरडाईत तुकडा वाढतो. उन्हातून उचललेल्या गरम धानावर मीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो, तेव्हा ते निवू द्या. गाडी भरण्याआधी चार-पाच कट्ट्यांतले (पोत्यांतले) मिसळून किलोभर धान हवाबंद पिशवीत केंद्रावर नेऊन तपासा. सोबत पाखड (पोचट दाणे) आणि मातेराही (माती मिसळलेले धान) काढा. माती-खडा १ टक्का आणि काडीकचरा १ टक्का एवढाच चालतो, अपक्व दाणा ३ टक्के.

कट्ट्यात ४० ऐवजी ४२ किलो घेतात. हे नियमात आहे का? (मोहाडी तालुका)

नाही. ४० किलो धान आणि वर बारदान्याचे (रिकाम्या पोत्याचे) वजन, एवढेच. ५० कट्ट्यांत दोन-दोन किलो गेले की एक क्विंटल गेला, म्हणजे २३६९ रुपये. मिलवाले उचल उशिरा करतात, गोदामात धान सुकते, ती तूट केंद्र चालवणाऱ्या संस्थेकडून वसूल होते आणि संस्था ती आधीच तुमच्याकडून काढून घेते. कारण समजण्यासारखे आहे, पण तूट शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायच आहे. रिकामा बारदाना आधी काट्यावर ठेवायला लावा, प्रत्येक कट्ट्याचे वजन स्वतः टिपा आणि पावतीशी ताळा करा. जास्त घेतले तर जिल्हा पणन अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. केंद्र आदिवासी विकास महामंडळाचे असेल तर त्यांच्या प्रादेशिक कार्यालयात द्या. काट्याबद्दलच शंका असेल तर वैधमापन निरीक्षकाकडे जा.

सातबाऱ्यावर धानाची नोंद नाही, केंद्रावर विक्रीसाठी नोंदणी होईल का? (अर्जुनी मोरगाव तालुका)

अडेल. ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवरून पिकाची नोंद, मुदतीत करा. नोंद चुकली तर ४८ तासांत ॲपमध्येच दुरुस्त होते, त्यानंतर तलाठ्याकडे जावे लागते. सातबारा सामाईक असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र आताच घेऊन ठेवा, कारण ऐन हंगामात सह्या मिळत नाहीत. बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हेही पाहा. चुकारे बहुतेक तिथेच अडकतात.

धानाचा बोनस क्विंटलवर मिळतो का? (देसाईगंज)

२०२४-२५ मध्ये तो हेक्टरी २०,००० रुपये होता, दोन हेक्टरपर्यंत. धान केंद्रावर विकले असो वा नसो, नोंदणी मात्र हवी होती. यंदा विकायचे नसले तरी नोंदणी करून ठेवा.