"मॅडम, डोक्यात शिरतच नाही"

"आता या वयात काही डोक्यात शिरत नाही." हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. बोलणारी व्यक्ती चाळिशी-पन्नाशीतली असते. नोकरीत काहीतरी नवीन शिकायची वेळ आलेली असते आणि एखादा ऑनलाइन कोर्स अर्धवट सोडून झालेला असतो. पोटातली भीती वेगळीच असते, ती तासाच्या शेवटी शेवटी बाहेर येते: माझी स्मरणशक्ती चालली का?

ही गोष्ट अशाच एकांची. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ५१. वीस वर्षं गोदामात मालाच्या नोंदी ठेवत होते. आतापर्यंत तयार स्क्रीनवर आकडे भरले की काम व्हायचं, आता एक्सेलमध्ये हिशेब स्वतः जुळवायचे होते आणि वरच्या पदासाठी प्रमाणपत्र लागणार होतं. कोर्स ४० व्हिडिओंचा. गाडी नवव्यावर अडलेली, तीही तिसऱ्यांदा.

डॉक्टरांकडे ते आधीच जाऊन आले होते. हे फार बरं केलं. अपुरी झोप, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, यांतल्या कशानेही विसरायला होतं आणि तेव्हा समुपदेशकाने नुसतं बोलत बसणं योग्य नाही. त्यांच्या तपासण्या ठीक होत्या. बोलता बोलता त्यांनी गेल्या आठवड्यात कुठला माल आला, कुठल्या रॅकवर गेला, किती खोकी फुटलेली निघाली, हे घडाघडा सांगितलं. मी सांगितलं की वयाबरोबर मेंदूचा वेग थोडा मंदावतो, पण शब्द आणि अनुभवातून आलेलं ज्ञान साठीपर्यंतही वाढत राहतं. त्यांनी मान डोलावली. पटलेलं नव्हतं, हे दिसत होतं.

मग मी एक चूक केली. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले होते. निरर्थक अक्षरं पाठ करून तो किती विसरतो हे मोजत बसायचा. पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं आणि मध्ये दिवस सोडून उजळणी केली तर टिकतं, हे त्यातून कळलं. मला हे सांगायला आवडतं. मी त्यांना उजळणीचा तक्ता आखून दिला: प्रत्येक धडा आज, उद्या, चौथ्या दिवशी, आठव्या दिवशी. छान छापून दिला.

दोन आठवड्यांनी तक्ता परत आला. सहा दिवस नेटक्या खुणा, पुढे कोरा.

"सातव्या दिवशी काय झालं?"

"काहीच नाही, मॅडम. बसलो नाही. आणि काहीच झालं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाला कळलंसुद्धा नाही."

मी जरा वरमलेच. कोर्सने जे केलं होतं तेच मीही केलं होतं: उत्तम माल बांधून हातात दिला आणि पुढचं त्यांच्यावर सोडलं.

मग विषय बदलून विचारलं, शाळा सुटल्यानंतर अवघड असं शेवटचं काय शिकलात? जराही न थांबता म्हणाले, "फोर्कलिफ्ट. अडतिसाव्या वर्षी." ही माल उचलणारी गाडी शिकवणारा एक जुना चालक होता. तो शेजारी उभा राहायचा, फारसा बोलायचा नाही. चूक झाली तरी लगेच टोकायचा नाही. आपणच थांबून त्याच्याकडे पाहिलं की मग म्हणायचा, "हं, आता सांग काय झालं." तेरा वर्षांपूर्वीचं हे वाक्य सांगताना त्यांनी त्याचा आवाजही काढून दाखवला.

इथे मला एक प्रयोग आठवतो. अमेरिकेत शास्त्रज्ञ पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला. इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या नऊ महिन्यांच्या बाळांशी मँडरिन, म्हणजे चिनी, बोलणारी माणसं बारा वेळा खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. त्या भाषेतले फरक करायला अवघड असे ध्वनी बाळांना ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तोच मजकूर पडद्यावर दाखवला. काही उपयोग झाला नाही. आता, पन्नाशीचा माणूस म्हणजे बाळ नव्हे. मोठी माणसं व्हिडिओवरून शिकतात, मीही शिकले आहे. पण शिकणं म्हणजे फक्त माहिती आत जाणं नाही, समोरच्याचं आपल्याकडे लक्ष असणं हाही त्याचा भाग आहे, असं मला या प्रयोगावरून वाटतं.

मोठ्यांच्या बाबतीत तर व्हिडिओचा एक तोटा अगदी साधा आहे. तो बरोबर उत्तर दाखवतो, तुमची चूक त्याला दिसत नाही. नवव्या धड्यात व्हीलुकअप होतं, म्हणजे एका यादीतली माहिती दुसऱ्या यादीतून शोधून आणणारा एक्सेलचा फॉर्म्युला. यांचा फॉर्म्युला पहिल्या ओळीत बरोबर यायचा, खाली ओढला की उत्तरं बिघडायची. धडा सात वेळा पाहिला होता. आठव्यांदाही तेच दिसलं असतं.

"ऑफिसात कुणाला येतं हे?"

येत होतं. सव्वीस वर्षांच्या एका मुलाला. त्याला विचारायचं म्हणताच ते खुर्चीत मागे सरले. मोठ्या माणसाला शिकताना सगळ्यात जड जाते ती ही पायरी. ज्या जागी आपल्याला 'माहितगार' म्हणून ओळखतात, तिथेच अडाणी दिसायचं. आम्ही अर्धा तास फक्त एका वाक्यावर घालवला. "मला एक्सेल येत नाही" हे त्यांच्या तोंडून निघेना, आणि निघायची गरजही नव्हती. शेवटी ठरलं ते असं: "अरे, हा फॉर्म्युला खाली ओढला की बिघडतो. पाच मिनिटं बघतोस का?"

मुलाने पाहिलं आणि म्हणाला, "काका, डॉलर लावला नाहीत." फॉर्म्युल्यातली रेंज, म्हणजे जिथे शोधायचं तो रकान्यांचा भाग, डॉलरच्या चिन्हाने बांधली नाही, तर खाली ओढताना तीही खाली सरकते. एवढंच होतं. वर तो म्हणाला, मीसुद्धा दोन महिने याच्यावरच अडलो होतो. मला विचाराल तर डॉलरपेक्षा या दुसऱ्या वाक्याने जास्त काम केलं. पुढे त्या मुलानेच यांना विचारायला सुरुवात केली, साठा जुळत नसेल तर आधी कुठे बघायचं, कारण ते कुठल्याच धड्यात नव्हतं.

दीड महिन्याने भेटले तेव्हा मी विचारलं, कुठवर आलं? "बाविसाव्यावर आहोत," म्हणाले. आहोत. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

सगळ्यांनाच शेजारच्या टेबलावर असा मुलगा मिळत नाही. म्हणून कोर्स निवडताना मी आता लोकांना दोनच गोष्टी विचारायला लावते: तिथे माझं काम कुणी माणूस तपासणार आहे का, आणि मी आठवडाभर आलो नाही तर कुणाला कळणार आहे का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर त्याच कोर्सला आणखी एकाला बरोबर घ्या आणि ठरल्या वेळी फोनवर एकमेकांना आपलं बिघडलेलं काम दाखवा. तयार झालेलं नाही, बिघडलेलं.

पहिल्या परीक्षेत ते चार गुणांनी गेले. पुन्हा बसणार आहेत. तो मुलगा आता दुसऱ्या पाळीत गेलाय, पण पाळी बदलताना पंधरा-वीस मिनिटं दोघं एकाच वेळी गोदामात असतात. तेवढ्यात जमतं, म्हणाले.