आधी रात्री दोन ते चारचे आकडे बघा

विजेचा नवीन स्मार्ट मीटर बसलाय आणि ॲपमध्ये तासातासाचे आलेख दिसू लागलेत, तर लगेच एसीच्या मागे लागू नका. आधी रात्री दोन ते चारचा वापर बघा. घर झोपलेलं असताना जे जळतं, तो तुमचा पायाभूत भार. त्या वेळी तासाला ०.१ युनिट पडत असेल, तर सतत १०० वॅट चालू आहे. म्हणजे दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ युनिट! महावितरणचा घरगुती पहिला टप्पा १०० युनिटांचा, त्यातला बराचसा इथेच संपला. यात फ्रिज असणारच. पण सेट-टॉप बॉक्स, राउटर, जुना इन्व्हर्टर हेही गुपचूप खात असतात. एका रात्री फ्रिज सोडून बाकी सगळ्यांची बटणं बंद करा आणि सकाळी फरक बघा.

गिझर ओळखणं सोपं. दोन हजार वॅटचा गिझर पंधरा मिनिटं चालला की अर्धा युनिट, त्यामुळे सकाळी आलेखात सरळ सुळका दिसतो. एसी मात्र थर्मोस्टॅटमुळे वर-खाली होतो, त्याला एका रात्रीवरून जोखू नका.

टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेनुसार वेगळा दर लावणारा) मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सवलत मिळते. वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, इस्त्री तेव्हा उरका. स्वयंपाकाच्या वेळा बदलायला घरच्यांना सांगू नका. तेवढ्या पैशांसाठी भांडण परवडत नाही.