शनिवारी बंद असलेला घाणा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आपला जन्म कशासाठी हे कळेपर्यंत नोकरी, लग्न, सगळंच थांबवून ठेवायचं म्हणतोस. मला हा क्रमच उलटा वाटतो.

सीनाय पर्वतापाशी देवाशी करार झाला तेव्हा आम्हा ज्यूंचे पूर्वज म्हणाले, 'नआसे वेनिश्मा.' करू, आणि ऐकू. करणं आधी, उमगणं मागाहून. पोरवयात मला हा शुद्ध बावळटपणा वाटायचा. न वाचता सही कोण करतं?

पण आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, गोष्ट बघ. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, असं आमच्या घरांत सांगतात. ग्रंथ बुडाले, हिब्रू विसरली. उरलं काय, तर शेमा ही 'देव एकच' सांगणारी प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशी सुंता आणि शनिवारची विश्रांती. लग्न असो की मयत, तोंडी तोच शेमा. कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव पाडलं 'शनिवार तेली'. 'आजच का रे बैल सोडलास?' असं कुणी विचारलं असतं, तर त्या तेल्याला धड उत्तर देता आलं असतं की नाही, कोण जाणे. (दारातलं गिऱ्हाईक परत जाताना त्याच्या बायकोने काय ऐकवलं असेल, तेही मला ऐकू येतं.) पण बैल सोडायचा. पुढे शिकवणारे भेटले, 1796 साली मुंबईत पहिली मशीद उभी राहिली. सिनॅगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, आमची जुनी माणसं मशीदच म्हणत. अर्थ आला तेव्हा त्याला टेकायला जागा होती, कारण शनिवार कुणी मोडला नव्हता.

'पिर्के अवोथ' या आमच्या जुन्या वचनसंग्रहात रब्बी (धर्मगुरू) तार्फोन म्हणतात, काम पुरं करणं तुझ्यावर नाही, पण ते टाकून द्यायलाही तू मोकळा नाहीस. सदतीस वर्षं गणित शिकवताना मला पहिलं अर्धं उपयोगी पडलं. तुला दुसरं लागेल.

ता. क. म्हणून तू लिहिलंस, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेतोस. अरे, पत्र तिथून सुरू करायचं होतंस! त्यांना विचार, रिक्षात चढताना कुठला हात धरलेला बरा वाटतो. पुढच्या पत्रात मला तेवढंच कळव.

रविवारी आमच्याकडे मलिदा, म्हणजे देवाचे आभार मानायचा आमचा विधी, आहे. पोहे, गूळ आणलाय. खोबरं खवायला माणूस नाही. नऊला ये.

तुझा,
सर