'मऊ स्नायूंची गाठ' म्हणावं का?

पुण्यातल्या एका त्वचारोग दवाखान्यासाठी मराठी माहितीपत्रक लिहिणाऱ्या वाचकाचा प्रश्न: बायॉप्सीच्या रिपोर्टवर 'मल्टिपल पायलोलायोमायोमा, झोस्टेरिफॉर्म' असं असेल, तर रुग्णासाठी 'मऊ स्नायूंच्या गाठी, नागीण प्रकार' चालेल का?

नाही. दोन्ही शब्द फसवे आहेत.

'लायोमायोमा' म्हणजे 'स्मूद' स्नायूची गाठ, आणि 'मऊ' हे त्या 'स्मूद'चंच भाषांतर. पण या स्नायूंना 'स्मूद' म्हणतात ते सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर आडव्या रेघा दिसत नाहीत म्हणून. मऊपणाचा संबंध नाही. गाठ तर बोटाला चांगली घट्ट लागते. 'अनैच्छिक' हाही ढिला पर्याय, कारण हृदयाचा स्नायूही अनैच्छिकच, आणि त्यावर रेघा असतात. 'अरेखित स्नायू' नेमका आहे. पत्रकात मात्र सरळ लिहावं: 'केसाच्या मुळाशी असणाऱ्या, अंगावर काटा आणणाऱ्या बारीक स्नायूची साधी गाठ.' लांबलचक आहे, पण लक्षणही त्यातच कळतं. डिसेंबरात पहाटे गारठा पडला की काटा येतो आणि या गाठी ठणकतात. दाब पडला तरी ठणकतात. रिपोर्टवर 'अँजिओलायोमायोमा' असेल तर मात्र हे वाक्य वापरू नका. ती गाठ रक्तवाहिनीच्या भिंतीतली, बहुधा एकटीच, पायावर कातडीखाली.

आता 'नागीण', म्हणजे डॉक्टरी भाषेत 'हर्पीज झोस्टर'; 'झोस्टेरिफॉर्म' त्यावरूनच. ग्रीक 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. रिपोर्टवरचा 'झोस्टेरिफॉर्म' फक्त मांडणी सांगतो: गाठी शरीराच्या एकाच बाजूला, एका मज्जातंतूच्या हद्दीत, पट्ट्याने आलेल्या. नागिणीच्या विषाणूशी त्यांचं काही नातं नाही. पण पत्रकात 'नागीण' वाचलं की घरचे गेरू उगाळायला घेतात आणि दोन तोंडं जुळतात का ते बघत बसतात. 'एका बाजूला पट्ट्यात आलेल्या तांबूस-तपकिरी गाठी' लिहा. (अरेखित स्नायूंसाठी शालेय पुस्तकांतला 'अपट्टकी स्नायू' इथे वापरलात तर 'अपट्टकी स्नायूंच्या पट्ट्यातल्या गाठी' होईल!) पट्ट्याऐवजी 'पुंजका' किंवा 'विखुरलेल्या' असंही रिपोर्टवर दिसेल, ते शब्द तसेच चालतात.

'साधी' शब्द ठेवा, पण त्याचा अर्थ 'ही गाठ कर्करोगाची नाही' एवढाच. अनेक गाठींमागे 'एफएच' नावाच्या जनुकातला दोष असू शकतो. तो आई किंवा वडिलांकडून येतो, आणि त्यासोबत गर्भाशयात फायब्रॉइड व मूत्रपिंडाचा कर्करोग होण्याचा धोका असतो. गाठी पट्ट्यातच असल्या तरी ही शंका मिटत नाही. म्हणून पत्रकात ठळक अक्षरांत एक ओळ हवीच: 'घरात कुणाला मूत्रपिंडाचा कर्करोग झाला होता का, कुणाला कमी वयात फायब्रॉइडचं ऑपरेशन करावं लागलं का, हे डॉक्टरांना सांगा.'