‘त्याआधी तू काय बोलली होतीस?’ हा प्रश्न 1862 सालीही विचारला गेला होता

आपला प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः खेड्यांत, नवरा-बायकोचे अगदीच पटेनासे झाले तर घटस्फोट मिळत असे का? आपण एक कथा लिहीत आहात, आणि ‘त्या काळी लग्ने अधिक टिकत असत’ असे आपल्या वाचनात आले आहे.

हे शेवटचे वाक्य प्रश्नात नसते तर मी बहुधा उत्तर लिहायला बसले नसते. माझे मामा सांगलीत चाळीस वर्षे दिवाणी वकिली करत होते. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवले आणि हे वाक्य त्यांनी मला माझ्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट वर्षात अनेकदा ऐकवले. मी गेली सव्वीस वर्षे उत्तर कॅरोलिनात राहते आणि याच राज्यात माझा घटस्फोट झाला. त्यामुळे जे लिहीन ते मुख्यतः या राज्याविषयी असेल.

घटस्फोट मिळत असे, पण प्रत्येक राज्याची रीत निराळी होती. शेजारच्या दक्षिण कॅरोलिनात तो मिळतच नसे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर (1861 ते 1865) 1868 च्या राज्यघटनेने तेथे प्रथमच वाट मोकळी केली आणि 1872 साली तसा कायदा झाला. 1878 साली तो रद्द करण्यात आला, 1895 च्या घटनेने घटस्फोटाला पुन्हा स्पष्ट बंदी घातली आणि ती थेट 1949 पर्यंत राहिली. त्याच राज्यात विवाहित पुरुषाने ठेवलेल्या बाईला आपल्या मिळकतीचा जास्तीत जास्त किती हिस्सा देता येईल, हे मात्र कायद्याने ठरवून दिलेले होते. तो हिस्सा एक चतुर्थांश होता. ज्या समाजाला हिस्सा मोजून द्यावा लागतो, त्या समाजात लग्ने टिकत होती असे म्हणणे मला मान्य नाही. तेथे लग्नातून बाहेर पडण्याचे दार नव्हते, एवढेच म्हणता येईल.

उत्तर कॅरोलिनात पूर्वी विधिमंडळाकडे अर्ज करावा लागे आणि एकेका जोडप्यासाठी वेगळा कायदा मंजूर होई. 1814 साली हे काम वरिष्ठ न्यायालयांकडे सोपवायला सुरुवात झाली, 1827 साली त्यांचे अधिकार वाढले आणि 1835 च्या घटनादुरुस्तीने विधिमंडळाला यातून पूर्णपणे बाहेर काढले. फारकत दोन प्रकारची होती. एकीत लग्न मुळापासून तुटे. दुसरीत लग्न कायम राही, पण वेगळे राहण्याची मुभा मिळे आणि बायकोला पोटगी मागता येई. मार खाणाऱ्या बाईला बहुधा ही दुसरीच वाट धरावी लागे.

ही वाट खेड्यातल्या बाईला किती लांबची होती, हे आपल्या कथेत दिसले पाहिजे. वरिष्ठ न्यायालय प्रत्येक परगण्यात वर्षातून दोनदाच, वसंतात आणि शरदात, भरत असे. लग्न झाल्याबरोबर बाईच्या जंगम मालमत्तेवर नवऱ्याची मालकी येई, तिच्या कमाईवरही त्याचाच हक्क असे आणि मुलांवर पहिला हक्क बापाचा मानला जाई. ती माहेरी निघून गेली तर नवरा वर्तमानपत्रात जाहिरात देत असे की, माझी बायको घर सोडून गेली आहे, तिला कोणी उधार देऊ नये, तिचे देणे मी फेडणार नाही. अशा जाहिराती त्या काळच्या पत्रांत विपुल आढळतात. वाण्याच्या दुकानातले तिचे खाते त्या दिवशी बंद होई. साक्षीला शेजारी लागत, आणि ज्या शेजाऱ्याचा कापूस किंवा तंबाखू नवऱ्याच्या गाडीतून बाजारात जातो तो साक्षीला कितपत उभा राहील, याचा विचार आपणच करावा.

आता मी ज्या निवाड्यासाठी हे सारे लिहीत आहे त्याकडे येते. ‘जॉयनर विरुद्ध जॉयनर’ हे प्रकरण 1862 साली उत्तर कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. बायकोने वेगळे राहण्याची परवानगी आणि पोटगी मागितली होती. तिच्या अर्जात लिहिले होते की, नवऱ्याने एकदा घोड्याच्या चाबकाने आणि एकदा छडीने मारले आणि अंगावर वळ उठले. खालच्या न्यायालयाने दावा चालू असेपर्यंत तिला पोटगी मंजूर केली. नवऱ्याने अपील केले आणि मुख्य न्यायमूर्ती रिचमंड पिअरसन यांनी तो आदेश फिरवला.

कारण असे दिले की, मारले एवढेच सांगून भागत नाही, कोणत्या परिस्थितीत मारले तेही अर्जात सांगितले पाहिजे. बायकोने वागावे कसे आणि आपली पायरी ओळखावी कशी, हे तिला कळण्यापुरते बळ वापरण्याचा अधिकार कायदा नवऱ्याला देतो, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आणि आधाराला बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातले वचन दिले. मग त्यांनी एक उदाहरण रचले. समजा, नवरा घरी येतो, बायको त्याला अत्यंत कठोर शब्दांत बोलते, हलकट म्हणते, तू मरून नरकयातना भोगाव्यास असे पुन्हा पुन्हा म्हणते, आणि क्षणिक संतापाच्या भरात तो हातात असलेल्या चाबकाने तिला मारतो, पण नंतर त्याला पश्चात्ताप होतो. अशा वेळी तिला फारकत मागता येईल काय? त्यांचे उत्तर नकारार्थी होते.

हे उदाहरण त्या बाईच्या आयुष्यातले नव्हते. ती काही बोलली होती असे न्यायमूर्तींना ठाऊक नव्हते. त्यांनी ते तिच्या तोंडी घातले.

हे पान मी 2010 च्या हिवाळ्यात राज्याची राजधानी रॅली येथील एका ग्रंथालयात वाचले. राज्याच्या निवाड्यांच्या 59व्या खंडात ते 322व्या पानापासून सुरू होते. या राज्यात घटस्फोटाआधी नवरा-बायकोला एक वर्ष पूर्ण वेगळे राहावे लागते, आणि ते वर्ष मी एका खोलीच्या भाड्याच्या घरात काढत होते. मुलगा शनिवारी वडिलांकडे जाई. मोकळ्या घरात बसवत नसे, म्हणून मी ग्रंथालयात जाऊन जुने निवाडे वाचू लागले. वकिलाच्या घरात वाढल्यामुळे मला त्या भाषेची भीती वाटत नव्हती.

त्याच्या काही महिने आधी मी मामांना फोनवर सारे सांगितले होते. सोळा वर्षांच्या संसारात नवऱ्याने माझ्यावर दोनदा हात उगारला. दुसऱ्या वेळी स्वयंपाकघरात हातातला डाव फेकून मारला आणि माझ्या कोपरावर पंधरा दिवस काळानिळा डाग होता. मामांनी मध्ये एकदाही न बोलता सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, “हे मला समजले, बाळ. पण त्याआधी तू काय बोलली होतीस?”

मी खरे ते सांगितले. घराच्या कर्जाचा हप्ता का भरला गेला नाही आणि ते पैसे कुठे गेले, हे मी त्या संध्याकाळी तिसऱ्यांदा विचारले होते.

“मग बघ,” मामा म्हणाले, “थकून आलेल्या माणसाला राग येणार नाही का? पूर्वीच्या बायका अशा वेळी गप्प बसत, म्हणून तर संसार टिकत.”

मामा वाईट नव्हते. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी कर्ज काढले होते. म्हणूनच तो प्रश्न माझ्या मनात इतका खोल गेला, आणि पिअरसन यांचे उदाहरण वाचताना मला प्रथम कळले की तो मामांचा प्रश्न नव्हता. तो त्यांच्या आधीपासून चालत आलेला होता.

मी त्या निवाड्याचा मराठी तर्जुमा करून सांगलीला टपालाने पाठवला. तीन आठवड्यांनी तो परत आला. त्यांनी पेन्सिलने माझ्या चुका सुधारल्या होत्या, ‘तात्पुरती पोटगी’ खोडून ‘अंतरिम पोटगी’ केले होते आणि खाली लिहिले होते: “कायद्याच्या दृष्टीने न्यायमूर्तींचे बरोबर आहे. अर्जात तपशील हवाच.” या वादावर आम्ही पुढे बोललो नाही आणि आता मामा नाहीत. त्यांना मी जे उत्तर द्यायला हवे होते ते येथे लिहिते, कारण आपल्या प्रश्नाचेही खरे उत्तर त्यातच आहे.

मामा, तपशील हवाच असेल तर तो दोन्ही बाजूंनी हवा. त्याच न्यायालयाने सहा वर्षांनी, 1868 साली, र्‍होड्स नावाच्या नवऱ्यावरील फौजदारी खटला ऐकला. त्याने बायकोला बोटाएवढ्या जाडीच्या छडीचे तीन फटके मारले होते. चिथावणी कोणती, तर ती काही शब्द बोलली होती, आणि ते शब्द साक्षीदाराला आठवत नव्हते. तेव्हा मात्र न्यायालयाने म्हटले की, नवऱ्याला मारण्याचा हक्क आहे असे आम्ही म्हणत नाही, परंतु किरकोळ कारणासाठी घराच्या खाजगीपणावरचा पडदा दूर केल्यास समाजाचे अधिक नुकसान होईल. नवरा सुटला. म्हणजे बायको फारकत मागते तेव्हा घरातला प्रत्येक शब्द तिने न्यायालयात आणून दाखवला पाहिजे, आणि सरकार नवऱ्याला शिक्षा मागते तेव्हा घरात डोकावणे अनुचित ठरते. 1874 साली ऑलिव्हर नावाच्या नवऱ्याच्या खटल्यात याच न्यायालयाने नवऱ्याला मारण्याचा कोणताही हक्क नाही असे निःसंदिग्ध सांगितले आणि त्याची शिक्षा कायम केली. तरीही कायमची इजा नसेल तर पडदा ओढून दोघांना विसरू द्यावे, क्षमा करू द्यावी, हे वाक्य त्या निवाड्यातही आहेच.

याच पिअरसन यांनी युद्धाच्या काळात सक्तीने सैन्यात नेलेल्या कितीतरी पुरुषांना बंदिप्रत्यक्षीकरणाच्या आदेशाने (धरून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणण्याचा आदेश) सोडवले आणि त्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या सरकारचा रोष पत्करला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध धरून ठेवणे म्हणजे काय, हे त्यांना उत्तम कळत होते. जॉयनरबाईंच्या बाबतीत ते त्यांना कळले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

काही गोष्टी मी आधी सांगायला हव्या होत्या. जॉयनर प्रकरणात घटस्फोट कायमचा नाकारला गेला असे नाही. अर्ज अपुरा ठरला आणि पोटगीचा आदेश गेला. एका राज्याचा एक निवाडा म्हणजे संपूर्ण दक्षिण नव्हे. अलाबामात 1871 सालीच न्यायालयाने बायकोला मारण्याचा हक्क नाकारला होता. पुरुषही अर्ज करत आणि तेही हात हलवत परत जात. 1832 साली स्क्रॉगिन्स नावाच्या नवऱ्याने अर्ज केला की, लग्नानंतर पाच महिन्यांतच बायकोला मूल झाले आणि ते मिश्रवर्णी आहे. न्यायमूर्ती थॉमस रफिन यांनी त्याला सांगितले की, लग्न करणारी माणसे एकमेकांना आहेत तशी स्वीकारतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे सारे गोऱ्या आणि कायद्याने स्वतंत्र असलेल्या लोकांचे आहे. गुलामगिरीतल्या स्त्री-पुरुषांचे लग्न कायदा मानतच नव्हता आणि मालकाने एकाला विकले की संसार संपे. उत्तर कॅरोलिनात 1866 च्या कायद्याने त्यांच्या एकत्र राहण्याला लग्नाचा दर्जा मिळाला आणि जोडप्यांनी न्यायालयाच्या कारकुनाकडे जाऊन, पंचवीस सेंट भरून, आपली नोंद करून घेतली. आपली पात्रे कोणत्या समाजातली आहेत हे आधी ठरवावे, कारण त्यावर सारे काही बदलते.

कथेसाठी सल्ला विचारला आहे म्हणून सांगते. काळ 1868 च्या आधीचा आणि स्थळ दक्षिण कॅरोलिना ठेवल्यास घटस्फोट दाखवू नका. तेथे नवरा पश्चिमेकडे निघून जाईल किंवा बायको भावाकडे राहील आणि दोघे मरेपर्यंत नवरा-बायकोच राहतील. स्थळ उत्तर कॅरोलिना ठेवल्यास तिला वकिलासमोर बसवा. वकील वाईट नसू द्या. तो वडीलधारा, तिच्या माहेरच्या ओळखीचा, तिच्यावर माया करणारा असू द्या, आणि कागद पुढे ओढून त्याने तिला तो प्रश्न विचारू द्या. तिने उत्तर द्यावे की नाही हे आपण ठरवा. माझे मत विचाराल तर ती जे बोलली ते तिने शब्दशः सांगावे आणि एकाही शब्दाची माफी मागू नये.

माझे वर्ष पूर्ण झाल्यावर मी जो अर्ज दाखल केला त्यात आम्ही दोघे या राज्याचे रहिवासी असल्याचे, लग्नाची तारीख आणि वेगळे राहू लागल्याची तारीख असे लिहायचे होते. कोण काय बोलले हे कुठेही विचारलेले नव्हते. जॉयनर निवाड्याचा माझा तर्जुमा मामांच्या पेन्सिलीच्या खुणांसह माझ्याजवळ आहे. आपल्याला कामाचा वाटत असेल तर त्याची प्रत पाठवीन.